पेपरवर नाव कुणाचं, काम कुणाचं?

तळटीप

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज लिहायला बसलेय कारण डोक्याला भुंगा लागलाय.

प्रकरण असं की एका संशोधन ग्रुपमध्ये मी जवळजवळ आठ महिने डेटा अॅनालिसिस केलं. कोड सगळा माझा, सहा आकृत्यांपैकी चार माझ्या, त्यातल्या एकीची तर मी तेरा व्हर्जन केली कारण गाईडना त्यातला निळा रंग "ओरडतोय" असं वाटायचं. मग मी दुसऱ्या कामावर गेले, मागे त्यावर शोधनिबंध म्हणजे पेपर लिहिला गेला आणि एक दिवस "फायनल_खरंच_फायनल_२" नावाची फाईल सगळ्यांना आली तशी मलाही आली. वर पाच नावं. माझं नाही. शेवटी आभारात सर्व्हरची सोय देणाऱ्यांचे आभार आणि त्याच वाक्याच्या शेपटीला माझे, तेही आडनावातलं एक अक्षर चुकवून.

विचारलं तर उत्तर आलं की तू लिखाणात नव्हतीस ना, नियमाप्रमाणे लिखाणात सहभाग लागतो. आता त्या पाचातलं चौथं नाव ज्यांचं आहे त्यांना मी आठ महिन्यांत एकाही मीटिंगला पाहिलेलं नाही, ते कधी लिहीत बसले होते देव जाणे.

रडगाणं गायला धागा काढलेला नाही (थोडं गायलं, चालवून घ्या). लेखक कुणाला म्हणायचं हे ठरतं कसं, क्रम कोण लावतं, आणि पुढे हीच नावं मोजून लोकांच्या नोकऱ्या ठरतात ते मोजणं तरी कशावर चालतं? इथे वेगवेगळ्या विषयांतले लोक आहेत म्हणून विचारतेय.

कोपरखळी

रुमाल टाकून ठेवतो. या विषयावर रात्री निवांत लिहिणार.

खोडरबर

तळटीप, तुम्हाला सांगितलेला नियम अर्धाच सांगितलाय आणि नेमका सोयीचा अर्धा सांगितलाय.

वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांची एक समिती आहे, १९७८ साली व्हँकुव्हरला पहिल्यांदा जमली म्हणून पूर्वी तिला व्हँकुव्हर ग्रुप म्हणायचे. त्यांच्या चार अटी आहेत. कल्पना, आखणी, डेटा जमवणं, विश्लेषण, अर्थ लावणं यातल्या कशात तरी भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यावर गंभीरपणे हात फिरवण्यात सहभाग हवा. शेवटच्या आवृत्तीला संमती हवी. आणि उद्या कुणी बोट ठेवलं तर उत्तर द्यायची तयारी हवी, ही चौथी २०१३ साली वाढवली. चारही पाहिजेत, एक चुकली तर आभारात.

पण त्याच नियमात खाली स्पष्ट म्हटलंय की ज्याने पहिली अट पुरी केलीय त्याला मसुदा वाचायची, सुधारायची, संमती द्यायची संधी मिळायलाच हवी, आणि ती संधी न देऊन कुणाला वगळण्यासाठी या अटी वापरायच्या नाहीत. म्हणजे तुम्हाला मसुदा दाखवायचा नाही आणि मग म्हणायचं की तुम्ही लिखाणात नव्हता, हा प्रकार नियम लिहिणाऱ्यांना आधीच माहीत होता म्हणून तर ते वाक्य तिथे आहे.

आणि ते चौथे गृहस्थ. नुसता निधी आणला, नुसती लॅब दिली, नुसता विभागप्रमुख आहे एवढ्यावर नाव लागत नाही असंही त्यातच लिहिलंय. मी एका जर्नलच्या संपादकीय कामात काही वर्षं होतो, प्रत्येक लेखकाकडून सही केलेला फॉर्म यायचा की मी या कामाला जबाबदार आहे, आणि एकदा अकरा फॉर्म आले त्यातल्या सात सह्या एकाच हातच्या एकाच पेनने केलेल्या. त्याला विचारलं तर म्हणे सगळे प्रवासात होते!

भौतिकवेडा

वैद्यकीयवाल्यांचे नियम आमच्याकडे आणले तर आमचं दुकान बंद होईल. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या दोन मोठ्या प्रयोगांचा, अॅटलास आणि सीएमएसचा, एकत्र पेपर आला त्याला ५,१५४ लेखक होते. पेपर ३३ पानी, त्यातली ९ पानं विज्ञान आणि संदर्भ, बाकी २४ पानं नुसती नावं आणि संस्था. यातल्या किती जणांनी मसुद्यावर हात फिरवला असेल तुम्हीच विचार करा.

पण म्हणून ती नावं फुकटची आहेत असं नाही हां. एखाद्याने सहा वर्षं डिटेक्टरच्या एका भागाचं कॅलिब्रेशन केलेलं असतं, ते नसतं तर आकडाच आला नसता. यंत्र हजारो लोकांनी बांधायचं आणि पेपर लिहिणाऱ्या वीस जणांची नावं टाकायची, हे आम्हाला जास्त अन्यायाचं वाटतं. म्हणून ग्रुपमध्ये ठरावीक काळ ठरावीक काम केलं की नाव यादीत, आणि यादी आडनावाच्या अक्षरानुसार. कोणी काय केलं ते बाहेरच्याला पेपरवरून कळत नाही हे मात्र खरंय, नोकरीच्या वेळी शिफारसपत्रातूनच कळतं.

सुमा_सांख्यिकी

५,१५४ आता जुने झाले, २०२१ मध्ये शस्त्रक्रिया आणि कोविडवरच्या एका पेपरला १५,०००हून जास्त नावं होती, गिनेसमध्ये नोंद आहे त्याची.

शून्यशेष

गणितात क्रमाची भांडणं नाहीतच मुळी, सरळ अक्षरक्रम. दोघांनी एकत्र बसून एक सिद्धता केली तर कुणाचे किती टक्के हे विचारणं असभ्य समजतात आणि मला हे फार आवडतं, कारण खरंच सांगता येत नाही हो, एकाने तीन महिने चुकीच्या वाटेने डोकं आपटलं म्हणून दुसऱ्याला बरोबर वाट दिसली, तर वाटा कुणाचा?

२००९ मध्ये टिमथी गॉवर्स यांनी तर आपल्या ब्लॉगवर एक अवघड प्रश्न मांडला आणि सांगितलं की या, सगळ्यांनी मिळून सोडवू. कॉमेंट्समध्ये सुटला तो. पेपर छापला "डी. एच. जे. पॉलिमॅथ" या नावाने, आणि ती आद्याक्षरंही माणसाची नाहीत, त्या प्रमेयाच्या नावाची आहेत. कुणी काय केलं बघायचंय तर कॉमेंट्स तशाच पडल्यात तिथे, तारीखवार.

सुमा_सांख्यिकी

अक्षरक्रम निष्पाप नसतो पण. अर्थशास्त्रातही तीच पद्धत आहे आणि तिथे २००६ साली दोन संशोधकांनी अमेरिकेतले नावाजलेले विभाग तपासले तर ज्यांचं आडनाव इंग्रजी वर्णमालेत आधी येतं त्यांना वरच्या विभागांत कायमची नोकरी मिळण्याची शक्यता जास्त निघाली. मानसशास्त्रात अक्षरक्रम पाळत नाहीत, तिथे असा परिणाम दिसला नाही. कारण काय तर सगळे "अमुक आणि इतर" असं म्हणतात, त्यातला अमुक लक्षात राहतो आणि बाकीचे "इतर". माझं आडनाव वर्णमालेच्या पार शेपटाला आहे, त्यामुळे माझा जन्म "इतर"मध्येच जाणार. 😀

कोपरखळी

आलो. मंडळी फार गंभीर झालीत म्हणून थोडं अवांतर.

१९७५ मध्ये जॅक हेदरिंग्टन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याने पेपर लिहिला पण सगळीकडे "आम्ही" वापरलं. मित्राने वाचून सांगितलं की जर्नल परत पाठवेल, एकाच लेखकाला "आम्ही" चालत नाही. टाइपरायटरचा जमाना, सगळा पेपर पुन्हा कोण बडवणार, तर पठ्ठ्याने घरच्या मांजराला सहलेखक केलं! मांजराचं नाव चेस्टर, पेपरवर एफ. डी. सी. विलार्ड. छापून आला, आणि नंतर काही प्रतींवर लेखकाची सही म्हणून पंजाचा ठसाही उमटवला. तळटीपताई, चार आकृत्या काढूनही तुम्ही मांजराच्या मागे राहिलात.

१९७४ मध्ये हॅसल आणि मे या दोन परिस्थितिकीवाल्यांनी नावांचा क्रम क्रोके या हिरवळीवरच्या चेंडूच्या खेळाच्या पंचवीस डावांच्या मालिकेवर ठरवला आणि तसं पेपरात तळटीप देऊन लिहिलंसुद्धा. निदान प्रामाणिकपणा तरी!

जुनं_खोड

कोपरखळी, मांजराचं ठीक आहे, त्याने कुणाचं घेतलं नाही. १९४८ चा किस्सा सांग की. राल्फ आल्फर नावाचा विद्यार्थी, विश्वाच्या सुरुवातीला मूलद्रव्यं कशी तयार झाली यावर त्याचा प्रबंध. गाईड गॅमॉव्ह. गॅमॉव्हला वाटलं आल्फर आणि गॅमॉव्हच्या मधे बेथे आला तर आल्फा-बीटा-गॅमा होईल, म्हणून हान्स बेथेचं नाव घुसवलं, कामाशी संबंध नसताना. १ एप्रिलच्या अंकात आला पेपर. सगळे हसले. आल्फर नाही हसला, कारण दोन बड्या नावांच्या शेजारी झाकोळलेल्या पोराने काही केलं असेल असं लोकांना वाटेना. विनोद गाईडचा आणि त्याची किंमत विद्यार्थ्याची.

उलटं उदाहरणही देतो म्हणजे मी नेहमी कडूच बोलतो असं नको. १९२४ मध्ये सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला इंग्रजी लेख आइनस्टाइनला पाठवला. त्यांनी स्वतः जर्मनमध्ये भाषांतर केलं, छापायला पाठवला, शेवटी शिफारशीची टीप जोडली. लेखक एकटे बोस. भाषांतरकार म्हणून आइनस्टाइन. आजचा एखादा गाईड असता तर भाषांतराच्या बदल्यात शेवटचा लेखक झाला असता, जर्नलशी पत्रव्यवहार करणारा करस्पाँडिंग ऑथरही.

तळटीप

आल्फरचं वाचून बरं वाटलं की वाईट, कळेना. पण मोजायचं काय? आमच्याकडे सारखं एच-इंडेक्स एच-इंडेक्स ऐकते.

जुनं_खोड

एच-इंडेक्स २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने काढला. सोपा आहे, म्हणूनच पसरला. तुझे पेपर सायटेशनच्या, म्हणजे इतर पेपरांनी त्यांचा किती वेळा हवाला दिला त्याच्या, उतरत्या क्रमाने लाव. समज ४०, १२, ९, ५, ३. आता खाली उतरत जा: चौथ्या पेपरला ५ आहेत, म्हणजे चार पेपर असे की प्रत्येकाला निदान चार सायटेशन. पाचव्याला ३च, तिथे गाडी अडली. एच झाला ४.

आता गंमत बघ. एका बाईने आयुष्यात एकच पेपर लिहिला, एकटीने, त्याला ९०० सायटेशन. तिचा एच किती? १. दुसरा एक बाबा दहा पेपरांवर कुठेतरी मधे लटकलेला, प्रत्येकाला दहा सायटेशन, त्याचा एच १०. दहाच्या दहा पेपरात त्याने काय केलं हे आकडा विचारतच नाही. पहिला लेखक, सातवा लेखक, मीटिंगला न येणारा चौथा लेखक, सगळ्यांना पूर्ण एक. पाच जणांनी एक पेपर लिहिला की हिशोबात पाच पेपर होतात! वाण्याच्या वहीत असं केलं तर तुरुंगात जाईल माणूस.

म्हणून काही जण वाटून मोजतात, पाच लेखक तर प्रत्येकाला ०.२. नेचर इंडेक्स नावाच्या संस्थांच्या क्रमवारीत असा वाटा काढतात. पण त्यातही समान वाटप गृहीत धरलेलं आणि भौतिकवेड्याच्या ५,१५४ वाल्या पेपरात प्रत्येकाला ०.०००२ सुद्धा पुरा मिळत नाही. हिर्शने स्वतः नंतर लिहिलं की या आकड्याचे वाईट परिणामही झालेत. बाण सुटल्यावर.

भौतिकवेडा

काका, पण आकडा नको तर काय हवं? एका जागेला दोनशे अर्ज येतात, कमिटीत पाच माणसं, कोण वाचणार दोनशे जणांचे पेपर? २०१३ चं ते सॅन फ्रान्सिस्को डिक्लेरेशन आहे ना, डोरा, की जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्यावरून, माणसाची किंमत करू नका, त्यावर सह्या भरपूर झाल्यात. सही करणारेच अर्ज उघडल्यावर आधी कुठल्या कॉलमकडे बघतात ते मी पाहिलंय, कारण मीही तेच करतो. खोटं कशाला बोला.

जुनं_खोड

हे मात्र खरं बोललास. मीही केलंय.

सुमा_सांख्यिकी

मोजणं नंतरचं, आधी नाव कुणाचं "दिसतं" तो प्रश्न आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांचा १९६८ चा गाजलेला पेपर आहे, की नाव असलेल्यालाच आणखी नाव मिळतं, दोघांनी मिळून केलेलं काम आधीच प्रसिद्ध असलेल्याच्या खात्यावर जमा होतं. मॅथ्यू इफेक्ट म्हणतात त्याला. आता ऐका. तो पेपर ज्या मुलाखतींवर उभा आहे त्या घेतल्या होत्या हॅरिएट झुकरमन यांनी, नोबेलवाल्यांच्या, स्वतःच्या प्रबंधासाठी. पेपरवर नाव एकट्या मर्टन यांचं. पाच वर्षांनी, १९७३ मध्ये, मर्टननीच लिहिलं की आता माझ्या लक्षात येतंय, हा पेपर दोघांच्या नावाने यायला हवा होता. श्रेय कसं गिळलं जातं यावरचाच पेपर, आणि त्यातच ते गिळलं गेलं! मुद्दाम केलं असं मला वाटत नाही, आणि हेच जास्त भीतीदायक आहे.

पुढे १९९३ मध्ये मार्गारेट रॉसिटर यांनी बायकांच्या बाबतीतल्या याच प्रकाराला माटिल्डा इफेक्ट नाव दिलं. आणि अर्थशास्त्रातच हेदर सारसन्स यांनी दाखवलंय की पुरुषांबरोबर पेपर लिहिले की पुरुषांना त्याचा नोकरी पक्की व्हायला जितका उपयोग होतो तितका बायकांना होत नाही, बघणारे मनातल्या मनात श्रेय वाटून मोकळे होतात.

शून्यशेष

जोसेलिन बेल यांचं नाव कसं नाही आलं अजून? पल्सार, म्हणजे ठरावीक ठोक्यांनी रेडिओ लहरी पाठवणारा तारा, त्यांनी १९६७ मध्ये कागदाच्या लांबच लांब पट्ट्यांवर शोधला, शेकडो फूट कागद डोळ्यांनी तपासून, पेपरवर दुसरं नाव होतं, १९७४ चं नोबेल गाईड ह्यूइश आणि राइल यांना.

खोडरबर

खरंय, पण बेल यांनी स्वतः म्हटलंय की विद्यार्थ्याला नोबेल फारच अपवादात्मक असेल तरच द्यावं आणि माझं तसं नव्हतं. त्यांचं म्हणणं पटलंच पाहिजे असं नाही, मला नाही पटत, पण त्यांच्या वतीने आपण रडताना ते सांगायला हवं. २०१८ मध्ये त्यांना तीस लाख डॉलरचं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं, ते सगळे त्यांनी भौतिकशास्त्रात कमी संख्येने असलेल्या गटांतल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला दिले.

नुसत्या नावाऐवजी काम लिहायची पद्धत आलीय त्याबद्दल सांगतो, कारण तळटीप यांना तीच उपयोगी. क्रेडिट नावाची यादी आहे, चौदा भूमिका: कल्पना, पद्धत, सॉफ्टवेअर, पडताळणी, विश्लेषण, प्रत्यक्ष प्रयोग, साधनं, डेटा सांभाळणं, पहिला मसुदा, मसुद्यावर सुधारणा, आकृत्या, देखरेख, प्रकल्पाचं व्यवस्थापन, निधी. प्रत्येक नावापुढे त्याने काय केलं ते लिहायचं. २०२२ पासून अमेरिकेत ते अधिकृत मानक झालंय आणि बरीच जर्नल्स मागतात. तुमच्या कोडला "सॉफ्टवेअर" आणि चार आकृत्यांना "आकृत्या" असा रकाना आहे बघा त्यात.

कोपरखळी

आणि मीटिंगला न येणाऱ्या चौथ्या गृहस्थांसाठी "देखरेख". तो रकाना त्यांच्यासाठीच बनवलाय.

खोडरबर

😀 हो, ती भोकं आहेतच. कोण किती करतं ते त्यात कळत नाही, आणि तक्ता भरतो करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे पुन्हा गाईडच. पण खोटं लिहायला आता निदान विशिष्ट खोटं लिहावं लागतं.

अजून एक, ऑर्किडचा (ORCID) सोळा अंकी नंबर, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढून ठेवा, २०१२ पासून आहे, फुकट आहे. लग्नानंतर नाव बदललं, स्पेलिंग चुकलं, त्याच नावाचे आणखी तिघं निघाले, तरी काम तुमच्याच खात्यावर राहतं.

भौतिकवेडा

एआय लेखक होऊ शकतो का यावर कुणी बोललंच नाही. २०२३ च्या सुरुवातीला काही पेपरांवर चॅटजीपीटीचं नाव होतं ना?

खोडरबर

होतं, आणि मोठ्या प्रकाशकांनी लगेच नाही म्हटलं. कारण तीच चौथी अट, उत्तर कोण देणार? पेपर खोटा निघाला तर प्रोग्रामला जाब विचारता येत नाही. वापरला तर वापरला असं लिहा, लेखकात टाकू नका. मांजराच्या वेळी ही अट नव्हती म्हणून निभावलं.

तळटीप

सगळ्यांचे आभार, स्पेलिंग न चुकवता. दोन गोष्टी घडल्या त्या सांगते.

खोडरबर यांनी सांगितलेलं ते वाक्य मेलमध्ये टाकून गाईडना पाठवलं, भांडण न करता. दोन दिवस काही नाही. मग उत्तर आलं की पेपर स्वीकारला गेलाय, आता यादी बदलायची तर सगळ्या लेखकांच्या सह्या लागतील, पुढच्या वेळी बघू, आडनाव मात्र दुरुस्त करतो. म्हणजे एक अक्षर मिळवलं मी.

दुसरी गोष्ट. आता जिथे आहे तिथला पेपर मीच लिहितेय, फर्स्ट ऑथर. म्हटलं आपण तरी नीट करू. काल रात्री चौदा भूमिकांचा तक्ता घेऊन बसले, चार नावं, फटाफट भरत गेले आणि "प्रत्यक्ष प्रयोग" या रकान्यापाशी थांबले. कारण तो आमच्या चौघांपैकी कुणीच केलेला नाही. एक ज्युनियर मुलगा होता, पाच महिने रोज सकाळी सहाला येऊन रीडिंग घ्यायचा, वहीत तारीख आणि वेळ घालून, तीच वही समोर ठेवून मी तक्ता भरत होते. जानेवारीत सोडून गेला तो. माझ्या मसुद्यात त्याचं नाव आभारात आहे.

सुमा_सांख्यिकी

मसुदा पाठवलास का त्याला?

तळटीप

नाही. त्याचा मेल आयडी पण बंद झालाय बहुतेक. नंबर आहे, आत्ता फोन लावते.